पिसं कोणी उपटली?

पृथ्वीच्या पाठीवर डायनासोरची खरीखुरी काळजी असलेला माणूस एकच आहे, आणि तो नेवासे तालुक्यात राहतो. बाकीचे, ते चीन-अमेरिकेतले विद्वान वगैरे, डायनासोरचा अभ्यास करतात. अभ्यास करणारा संध्याकाळी पुस्तक मिटून घरी जातो. आमचे पेंटर मात्र हातातला घास तसाच धरून बायकोला विचारतात, "थंडीचं काय करत आसतील गं ती?" आणि उभा जन्म त्यांच्याशी संसार केलेली ती माउली, कोण ती, कसली थंडी, असलं काही एक न विचारता सांगते, "खावा आधी. ती मेली कवाच."

त्यांना सगळे पेंटरच म्हणतात. नाव असणार काहीतरी, रेशनकार्डावर असेलच. पण ते त्यांच्या स्वतःच्याही वापरात नाही. एकदा निवडणुकीची ड्यूटी मला त्यांच्याच गावात लागली होती. मी यादीतलं नाव मोठ्यानं वाचलं, तर समोर उभे असलेले हे गृहस्थ मागं वळून बघायला लागले, कोणाला बोलावतायत म्हणून. सुकलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा बांधा, डोक्यावर टोपी, कानामागं पेन्सिल, आणि पायजम्यावर तालुक्यातल्या झाडून सगळ्या शाळांचे रंग. गुडघ्यावर आकाशी दिसला की समजायचं, कुठल्या तरी शाळेत नकाशातला समुद्र चाललाय. नकाशावरून आठवलं, त्यांच्या महाराष्ट्रात नगर जिल्हा नेहमी जरा जास्तच ऐसपैस यायचा. आधीच सगळ्यांत मोठा, त्यात पेंटरांच्या हातचा. शेजारचा बीड बिचारा अंग चोरून बसलेला असायचा.

आता आमचा संबंध फोनवरचा. मी निवृत्त होऊन नगरला, सावेडीत मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. दर रविवारी सकाळी, बरोबर पोह्यांची फोडणी तडतडत असताना, फोन वाजतो. नमस्कार नाही, तब्येत कशी आहे नाही.

"बाई, ठरलं का?"

"नाही हो पेंटर, अजून बोलणीच चाललीत. चीनकडचे हो म्हणतात, अमेरिकेतले अडून बसलेत."

"आडून बसाया काय झालं त्यांना?"

"पुरावा मागतात."

"मागू द्या. म्होरल्या ऐतवारी बघू मंग."

मला हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो आणि मी स्वतःही स्पीकरवरच असते. त्यामुळं समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी एक दिवस साखरेची वाटी परत द्यायच्या निमित्तानं आल्या आणि हळूच म्हणाल्या, "काकू, नातीचं बाहेरदेशी जमतंय म्हणे. अमेरिकेचं बघा बाई. चीनचं नको. खाण्यापिण्याचे हाल होतील पोरीचे." आमची नात तेव्हा नववीत होती आणि गणितात नापास झाली होती. ठरायचं होतं ते फक्त एवढंच, की डायनासोरच्या अंगावर पिसं होती की नव्हती.

हे सगळं सुरू झालं बोलक्या भिंतींपासून. शाळेची भिंत मुकी असू नये, तिनं मुलांशी बोलावं, असं एक वारं त्या काळी जिल्हा परिषदेच्या शाळांतून सुटलं होतं. म्हणजे भिंतींवर बाराखडी काढायची, पाढे काढायचे, फळं, प्राणी, वाहनं, मानवी शरीर काढायचं. मूल व्हरांड्यातून नुसतं पाणी प्यायला गेलं तरी येता-जाता दोन गोष्टी शिकलं पाहिजे. आमच्या भागातल्या भिंतींना वाचा फोडली ती पेंटरांनी. पण त्यांची एक अट असायची. डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते काही काढायचे नाहीत. वांगं काढायचं तर आधी वांगं आणा. ते समोर ठेवून बघणार, उलटं करून बघणार, आणि काम झाल्यावर भरून खाणार. आता हत्ती आणि सिंह कुठून आणायचे? तिथं ते ओळखीपाळखीतून भागवायचे. त्यांच्या हत्तीला म्हशीचे डोळे असायचे, त्यामुळं तो हत्ती कुणीतरी धार काढायला येईल म्हणून ताटकळल्यासारखा दिसायचा. सिंह त्यांनी आमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांवरून काढला. त्याच मिशा, तेच अर्धवट मिटलेले डोळे, दुपारच्या जेवणानंतरची तीच मान. मुख्याध्यापक रोज त्या सिंहाखालीच उभे राहून प्रार्थना घ्यायचे आणि आम्ही सगळे शिक्षक ओठ चावून जमिनीकडं बघत राहायचो. साहेब आमची भक्ती बघून खूश असायचे.

जनावरांचे पाय बघायला पेंटर घोडेगावच्या बाजाराला जायचे. घ्यायचं नाही, विकायचं नाही. गुरांच्या त्या गर्दीत उकिडवं बसायचं आणि एखाद्या खिलाराच्या खुराकडं तास तास टक लावायची. बाजारातले लोक त्यांना कुणीतरी फार मोठा पारखी समजायचे. एकदा एका म्हशीपुढं ते इतका वेळ बसले, की तिच्या मालकाला राहवेना.

"घ्यायची हाय का पाव्हनं?"

"न्हाई. बघायचीय."

"सकाळधरनं बघताय! सोयरीक जमवायचीय का तिच्याशी?"

"मागचा गुडगा कुनीकडं वाकतो त्येवडं बघतो आन् जातो."

"गुडगा ठनठनीत हाय!" असं म्हणून मालकानं म्हैस चालवून दाखवली, बसवून दाखवली, पुन्हा उठवली. पेंटरांनी कागदावर चार रेघा ओढल्या, म्हशीला नमस्कार केला आणि निघून आले. मालकानं नंतर सगळ्या बाजारात सांगितलं, की सरकारचा माणूस येऊन गुडघे मोजून गेलाय, काहीतरी नवीन योजना येणार.

आता त्या वेळची मी. तिची ओळख करून देताना अजूनही पदरात तोंड लपवावंसं वाटतं, पण देते. वय पंचविशीच्या आतलं, डी.एड.चा ताजा कागद, कडक खळ घातलेली साडी, डाव्या मनगटावर घड्याळ आणि ते दिसावं म्हणून फळ्याकडं बोटही डाव्याच हातानं दाखवायची खोड. बारावीला सायन्स होतं, त्यामुळं नेवासे तालुक्यात विज्ञान मीच एसटीतून आणलं अशी माझी प्रामाणिक समजूत होती. 'माहीत नाही' हे शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत. आणि दुसऱ्याची पिसं काढणं हा तर आवडता उद्योग. मुलांची काढायचे, पालकांची काढायचे. तपासणीला आलेल्या एका साहेबांचीही काढली होती, म्हणून तर पुढची अकरा वर्षं मी त्याच गावात राहिले.

त्या वर्षी सगळीकडं डायनासोरची साथ आली होती. वहीच्या पुठ्ठ्यावर डायनासोर, खोडरबरावर डायनासोर, बिस्किटाच्या पुड्यात डायनासोरचा स्टिकर. चौथीच्या वर्गाची बाहेरची भिंत मोकळी होती. मी फर्मान सोडलं, इथं डायनासोर पाहिजे. एक थोरला आणि त्याच्या पायाशी एक धाकटा.

"जनावर कुठं बघाया भेटंल, बाई?" पेंटरांनी विचारलं.

"अहो, ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेलं."

"समदी?"

"सगळी."

"आरारारा," पेंटर म्हणाले, आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून क्षणभर हातात धरली. डायनासोरांच्या निधनाबद्दल दुखवटा पाळणारा दुसरा माणूस मी तरी बघितलेला नाही.

मी त्यांना बिस्किटाच्या पुड्यातला स्टिकर दिला. तो घेऊन ते गेले आणि चार दिवस स्वतःच्या परड्यात कोंबड्यांसमोर बसून राहिले. पाचव्या दिवशी येऊन त्यांनी अळशीच्या तेलात गेरू कालवला आणि दुपारपर्यंत भिंतीवर दोन जनावरं उभी केली. मी वर्गातून बाहेर आले आणि बघतच राहिले. दोघांच्या अंगावर मानेपासून शेपटापर्यंत पिसं होती. गेरूच्या लहान लहान फटकाऱ्यांची, एकावर एक बसलेली, ओटीपोटाशी मऊ आणि शेपटाला लांब. आज सांगते, सुंदर होती. तेव्हा मी म्हणाले, "पेंटर, हा डायनासोर आहे का कोंबडा?"

"पाय बगा ना, बाई. तीन बोटं म्होरं. चालनं दोन पायांवर. आंडी घालतोय आसं तुमीच म्हनला. पार कोंबडीच हाय की ही. मंग पिसं कोनी उपटली?"

मीसुद्धा डायनासोर पाहिला होता तो त्याच बिस्किटाच्या पुड्यात. पण माझ्यामागं चौथीचा वर्ग खिडकीच्या गजांना लोंबकळत ऐकत होता. मी घड्याळाचा हात वर केला आणि आवाज चढवला, "डायनासोर म्हणजे सरडा. राक्षसी सरडा! मुलांनो, सरड्याला पिसं असतात का?"

"नाऽऽही!" वर्ग ओरडला.

"उद्या याला तुरा काढतील पेंटर, आणि परवा पहाटे आरवायला लावतील!"

वर्ग खो खो हसला. मी हसले. पेंटरांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा खिडकीतल्या मुलांकडं बघितलं, आणि म्हणाले, "बरं. बाई म्हनत्यात तसं." दुसऱ्या दिवशी त्यांनी पिसांवर चुन्याचे दोन हात दिले आणि वरून हिरव्या ऑइलपेंटनं दोन गुळगुळीत, बोडके सरडे काढले. ते इतके केविलवाणे दिसत होते, की मला वाटलं विज्ञान असंच दिसत असणार.

गोष्ट एवढ्यावर मिटली असती तर मी हे लिहायला बसले नसते. पण डायनासोरची मागणी वाढली. पुढच्या काही वर्षांत पेंटरांनी तीस-पस्तीस शाळांच्या भिंतींवर हीच बोडकी जोडी काढली, आणि कुणी काही विचारलं तर एकच सांगायचे, "आमच्या बाईंनी सांगितलंय." म्हणजे पिसं मी नुसत्या एका भिंतीवरची उपटली नव्हती, तालुकाभर उपटली होती.

मग बरीच वर्षं गेली. माझी बदली झाली, पुढं निवृत्त झाले, साडीची खळ उतरली आणि घड्याळ मोबाईलमध्ये गेलं. एक दिवस मला एका अनोळखी मुख्याध्यापकांचा फोन आला, "बाई, तुमचे पेंटर आमच्या शाळेत काय करून बसलेत ते तुम्हीच बघा." फोटो पाठवला होता. जुन्या हिरव्या थोरल्या डायनासोरला दोन्ही बाजूंना दोन अवाढव्य पंख फुटले होते. एक खिडकीवरून पाण्याच्या टाकीपर्यंत गेला होता आणि दुसरा सुविचाराचा अर्धा फळा झाकून बसला होता. शाळा समितीचे एक ज्येष्ठ सदस्य विचारत होते, की आमच्याच शाळेवर एवढं मोठं वटवाघूळ का?

मी पेंटरांना फोन लावला. "हे काय केलंत?"

"पेपरात आलंय, बाई. मोठ्या आक्षरांत. 'डायनासोरला पंख होते'. वाचलं तसा रंग घेऊन निगालो."

डोक्यावर हात मारला मी. परदेशातली बातमी मराठीत आणताना कुणीतरी पिसांचे पंख केले होते आणि आमच्या पेंटरांनी त्या पंखांना उडायला आभाळ काढून दिलं होतं. मी समजावलं, "पेंटर, पंख वेगळा, पीस वेगळं. पंख उडायला, पीस अंगावर. शहामृगाला पिसं असतात, ते उडतं का? त्यांना म्हणायचं होतं, काही डायनासोरांना पिसं होती."

पलीकडं डब्याचं झाकण दाबून बसवल्याचा आवाज आला.

"पिसं," मग पेंटर म्हणाले.

"हो."

"पेपरवाल्यानं चुकीचं लिव्हलं म्हना."

"हो हो, चुकलं त्यांचं."

"त्याचं बरं हाय, बाई. पेपरवाला चुकला तर दुसऱ्या दिशी रद्दीत जातो. आमी चुकलो की भितीवर ऱ्हातो."

त्यांनी ते स्वतःबद्दल म्हटलं होतं. लागलं मला. त्या हसण्याची आठवण त्यांनी काढली नाही, आणि मीही काढली नाही. ते फक्त म्हणाले, "आता घाई करायची न्हाई. तिकडं काय ते नक्की ठरू द्या. तुमी वाचत जावा आन् मला सांगत जावा. तुमी सांगितलं की समद्या साळा नीट करून टाकतो. डोळे हायेत तवर." त्या रविवारपासून सुरू झालं, ठरलं का?

आणि मी वाचू लागले. नातीकडून मोबाईल शिकले, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला. धाकट्या डायनासोरांचं तर केव्हाच ठरल्यासारखं होतं. चीनमध्ये दगड फुटले आणि आत त्यांच्या पिसांचे ठसेच्या ठसे निघाले. काही जण म्हणाले, ही पिसं नव्हेतच, कुजलेल्या कातडीचे धागे आहेत. यातलं हे शंकेचं तेवढं मी सांगितलं, तर पेंटर उसळले, "त्यास्नी म्हनावं हिकडं या. कुजल्यालं कातडं कसं दिसतं ते मी दावतो. पीस आन् कातडं वळखाया येत न्हाई आन् डॉक्टर म्हनवत्यात!" खरं अडलं होतं ते थोरल्याचं, त्या मोठ्या जबड्याच्या आणि एवढ्याशा हातांच्या धिप्पाडाचं. त्याच्या काही भाऊबंदांच्या अंगावर पिसं सापडली, आणि त्याच्या स्वतःच्या कातडीचे जे तुकडे मिळाले त्यांवर निघाले खवले. त्यावरून वाद काही संपेना.

एका रविवारी पेंटर म्हणाले, "माझ्या डोस्क्यात आलंय, बाई. लहानपनी आसतील पिसं. पिलाला थंडी वाजती. मोठं झाल्यावर गेली. आपन न्हाई का जावळ काढत?" मी पोट धरून हसले. डायनासोरचं जावळ! मामाच्या मांडीवर कोण बसवणार त्याला? आणि महिन्याभरानं कुठंतरी वाचलं, की काही विद्वानांना अगदी हेच वाटतं: पिलं लवदार असतील आणि वाढता वाढता ती लव गेली असेल. त्यांच्याजवळ नव्हता तो फक्त जावळ हा शब्द. मी हे पेंटरांना लगेच सांगायला हवं होतं. तीन रविवार सांगितलं नाही.

कारण मला आतून माहीत होतं, मी काय करतेय ते. थोरल्याचं ठरलं नव्हतं हे खरं. पण त्याच्या आडून मी धाकट्याचंही दडपत होते. "अजून नाही ठरलं" असं म्हटलं की सगळं त्यात झाकून जायचं. धाकट्याला पिसं होती हे एकदा कबूल केलं, तर पुढचं वाक्य मला म्हणावं लागणार होतं, आणि ते वाक्य खड्यासारखं माझ्या दाताखाली येत होतं. पंचविशीतली ती घड्याळवाली पोरगी पासष्टीतही माझ्या जिभेवर पाय रोवून उभी होती.

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या त्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. ही माझीच विद्यार्थिनी, खिडकीच्या गजांना लोंबकळणाऱ्या त्याच चौथीतली. म्हणाली, "बाई, चौथीच्या भिंतीचा रंग पार फुगलाय. समिती म्हणते फ्लेक्स लावू, एका दिवसात काम होतं. मी सांगितलंय, शाळा उघडायच्या आत पेंटरकाकांनी रंगवली तर त्यांचीच राहील. पण ते म्हणतात, बाईंनी ठरवल्याशिवाय ब्रश लावणार नाही." फ्लेक्स म्हणजे पेंटरांचा जन्माचा वैरी. 'उन्हानं मरतंय ते कापड, त्याला भितीची माया काय ठावं' असं ते म्हणायचे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, आणि हात थरथरायला लागलेले. ही भिंत गेली असती तर दुसरी त्यांच्या हातून होणार नव्हती. ते त्यांनाही माहीत होतं, मलाही.

पुढच्या रविवारी मी फोनची वाट बघितली नाही. एसटीत बसले, घोडेगावला उतरले. आदल्या रात्री कळवलं होतं, तसे पेंटर मोपेड घेऊन आले होते. दोघांचं मिळून वय सव्वाशेच्या पुढं, त्यात चालवणारा एका डोळ्याचा. रस्त्यानं लोक आपणहून बाजूला होत होते. शाळेत पोचल्यावर त्यांनी काही न बोलता लोखंडी पट्टी घेतली आणि भिंत खरवडायला सुरुवात केली. मी पायरीवर बसले. चुन्यावर ऑइलपेंट नीट धरत नाही. थोरल्या डायनासोरची हिरवी कातडी पापडासारखी सुटून खाली पडायला लागली. तिच्यामागं चुन्याचा पापुद्रा निघाला. आणि धाकट्याच्या मानेपाशी, चुन्याखालून, तांबूस काहीतरी वर आलं. मी उठून जवळ गेले. गेरूचे लहान लहान फटकारे. एकावर एक बसलेले.

चीनमध्ये दगड फोडून जे बघतात ते मी नेवासे तालुक्यात, जिल्हा परिषदेच्या भिंतीत बघत होते.

"पेंटर," मी म्हणाले, आणि दाताखालचा खडा एकदाचा गिळला. "धाकट्याचं तुमचं बरोबर होतं. केव्हाच ठरलंय ते, मीच सांगितलं नाही. थोरल्याचं कुणालाच माहीत नाही. मला तर तेव्हाही काहीच माहीत नव्हतं. मी आपलं ठोकून दिलं. आणि वर हसले."

पेंटर पट्टी चालवत राहिले. मग म्हणाले, "तुमाला ठावं नव्हतं ते म्या तवाच वळकलं हुतं."

"कसं?"

"खात्री आसली की तुमी हळू बोलता, बाई. त्या दिशी लई मोठ्यानं बोलला."

माझ्या नवऱ्याला चाळीस वर्षांत जे कळलं नाही ते या माणसानं एका दुपारीत ओळखलं होतं. "मग बोलला का नाहीत?" मी विचारलं. "सगळ्यांसमोर मला विचारायचं होतं, की बाई, तुम्हाला कुठं माहीत आहे म्हणून!"

पेंटरांनी मान वळवून त्या खिडकीकडं बघितलं. गज तेच होते, मुलं सुट्टीवर होती.

"चौथीची पोरं बसली हुती ना तिथं," ते म्हणाले. "म्या दोन दिसांनी निगून जानार. त्यांना वरीसभर तुमच्यापाशी शिकायचं हुतं. बाईचं खोटं पाडून कसं चालंल?"

मी पुन्हा पायरीवर जाऊन बसले. चष्मा पुसायचं निमित्त होतं, ते बराच वेळ पुरवलं.

धाकटा त्यांनी चार दिवसांत केला. ब्रश धरला की हात थरथरायचा. मी म्हणाले, "जमेल ना, पेंटर?" तर म्हणाले, "सरळ रेघ आता येत न्हाई. पर पिसाला सरळ रेघ कुठं लागती?" आणि खरंच, त्या कापऱ्या हातानं काढलेली पिसं वाऱ्यावर हलल्यासारखी दिसतात. पहिल्यापेक्षाही चांगली झालीत. शाळा उघडली तेव्हा ती बघून पहिलीतल्या एका मुलीनं भिंतीला हात लावला आणि तिला मऊ लागलं म्हणे.

थोरल्याची मात्र त्यांनी नुसती बाह्यरेषा काढली आणि आत काहीच भरलं नाही. जबडा आहे, एवढेसे हात आहेत, तीन बोटांचे पाय आहेत; अंग पांढरं. मुख्याध्यापिका म्हणाली, "काका, हे अपुरं दिसतंय हो." तेव्हा त्यांनी शिडीवरून उतरून, आपल्या त्या वळणदार सुविचारी अक्षरात, खाली लिहिलं: अजून ठरले नाही. मी शिकवायला असताना आमच्या भिंती पुष्कळ बोलल्या, पण एवढं खरं एकही भिंत बोलली नव्हती. माझ्या तोंडून तर ते अकरा वर्षांत एकदाही आलं नव्हतं.

आता दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालंय. बाकीच्या शाळा त्यांच्या हातून होणार नाहीत. त्याबद्दल ते बोलत नाहीत, मी विचारत नाही. कधी कधी रविवारी पोहे होऊन जातात, चहा होतो, तरी फोन येत नाही. मग मीच लावते. पलीकडून त्यांची बायको म्हणते, "पडलेत जरा. देते." आणि थोड्या वेळानं तो आवाज येतो, पूर्वीपेक्षा बारीक, पण तसाच थेट.

"बाई, ठरलं का?"

"नाही हो पेंटर. भांडतायत अजून."

"भांडू द्या. आपली जागा सोडल्याली हाय."

पूर्वी मी देवापुढं हात जोडून म्हणायचे, त्या शास्त्रज्ञांना लवकर सुबुद्धी दे, सुटू दे मला यातून. आता म्हणते, सुबुद्धी दे, पण सावकाश दे. थोरल्याचं ठरलं, की मग रविवारी फोन करून आम्ही दोघं एकमेकांशी काय बोलायचं?